मीडियमची कंबर

३ जून

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, पिल्लाच्या दोन्ही गालांना एकेक पापा. तुम्ही सगळे मजेत असाल असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. जिना चढताना आईचे गुडघे कुरकुरतात आणि उतरताना आई कुरकुरते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

बाळ बघायला मी अजून आले नाही म्हणून तू रागावलीस, ते पोचलं. तू फोनवर जे बोललीस ते आईने मला तिखटमीठ लावून ऐकवलं. काय करू, कामातून मान वर काढायला फुरसत नाही. शिवाय तुझा फोन आला की आई शेजारी येऊन बसते आणि मग माझ्या तोंडून "बरी आहे" यापलीकडे काही निघत नाही. म्हणून पत्र लिहितेय. तुझं अक्षर कुणाला लागत नाही, पण माझं सुरेख आहे, तेव्हा वाचायला तुझी हरकत नसावी.

तर गंमत ऐक. आमच्या कारखान्यात हॉटेलात, बँकेत काम करणाऱ्या बायकांचे कोट शिवतात हे तुला माहीत आहे. पण मला तिथे सगळे 'मीडियम' का म्हणतात, ते मी कधी नीट सांगितलं नाही. नवा कोट करायचा ठरला की आधी एक नमुना शिवतात आणि तो अंगावर चढवून बघतात. इतर ठिकाणी त्यासाठी पुतळा असतो. आमच्या कटिंगमास्तरांचा पुतळ्यावर विश्वास नाही. पुतळा श्वास घेत नाही, हात वर करत नाही, खाली बसत नाही, मग कोट कुठे काचतो ते सांगणार कोण, असं त्यांचं म्हणणं. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, टेप लावली आणि जाहीर केलं की ही अगदी मधल्या मापाची आहे. तेव्हापासून धागे कापता कापता हाक आली की उठायचं आणि हात पसरून उभं राहायचं, हेही माझं काम. माझ्या अंगावर बसलेल्या कोटावरून मास्तर कागदाचे फर्मे कापतात, त्याच फर्म्यांवरून लहान आणि मोठी मापं काढतात, आणि मग कापडाच्या थप्पीवर कटर चालतो.

आता गंमत. एका हॉटेलाची मोठी ऑर्डर गेली आणि सगळीच्या सगळी परत आली. प्रत्येक कोट कमरेत ढगळ. लहान, मधला, मोठा, एकूण एक. मालकीणबाई मास्तरांना नाही नाही ते बोलल्या. मास्तरांना काही उलगडेना, कारण त्याआधीचा नमुनाही माझ्याच अंगावर बेतला होता आणि ते कोट बिनतक्रार गेले होते. शेवटी त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्या कमरेला टेप लावली. आकडा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

काज करायच्या मशीनवर बसते ती माझी मैत्रीण, तिला आम्ही काजवालीच म्हणतो. ती म्हणाली की मीडियमला बढती मिळाली, ती आता लार्ज झाली. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. आता कोपऱ्यात एक पुतळा आणून उभा केलाय. त्याला डोकं नाही, त्यामुळे तो कुणाशी भांडत नाही, मालकीणबाई खूश आहेत.

तूही हस. आणि पिल्लाचे नवे फोटो पाठवू नकोस. आधीचेच आईने भिंतभर लावलेत, आता जागा नाही.

तुझी
ठकू


१७ जून

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं आणि चक्क वाचता आलं. रागात तुझं अक्षर सुधारतं.

तू हसली नाहीस म्हणतेस. ठीक आहे. तुझे प्रश्न सरळ आहेत. मी अशी अचानक कशी वाढले, आईला विचारलं की ती विषय का बदलते, आणि फोटो नको म्हणजे काय. मी सरळ उत्तरं द्यायचा प्रयत्न करते, मध्येच फाटे फोडले तर समजून घे.

मला पीसीओएस आहे. अंगातली संप्रेरकं बिघडतात आणि अंडाशयात धड काही पिकत नाही, बारीक फुगे तेवढे धरून राहतात. पाळी महिनोन्महिने फिरकत नाही, आणि आली की मुक्काम हलवत नाही. वजन वाढतं, ते सगळं पोटावर. डोक्यावरचे केस कंगव्यात येतात आणि हनुवटीवर नवे उगवतात. निदान होऊन वर्ष उलटून गेलं. तुला कळवायचं नाही असं आईने बजावलं होतं, कारण तू दोन जिवांची होतीस. बाहेर तर अवाक्षर काढायची चोरी.

पहिले डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. कसं, असं मी विचारलं. कमी खा, म्हणाले. मी कमी खाल्लं. चालायला लागले, चालून चालून चपला झिजवल्या. वजन जागचं हललं नाही. पुन्हा दाखवायला गेले तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत, आईकडे बघून म्हणाले की मुलगी मनावर घेत नाही, लग्न झालं की होईल सगळं नीट. आईने तेवढं वाक्य घट्ट धरून ठेवलंय.

तेव्हापासून ती रोज सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी चिमटा ठेवते. हनुवटीवरचे केस उपटायला. त्यात तिची माया आहे हे मला कळतं. पण दिवस तिथून सुरू झाला की उरलेल्या दिवसाचा मला वीट येतो.

आता कमरेचं. वजन वाढायला लागलं तशी मला धास्ती पडली की मास्तर नमुन्यासाठी दुसरी कुणी शोधणार. ताई, तुला वेडेपणा वाटेल, पण मला ते मीडियम असणं फार आवडायचं. कुणीतरी मला बघून म्हणालं होतं की ही अगदी बेताची आहे, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. तसं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं. ते जाऊ नये म्हणून मी औषधांच्या दुकानातून पोटाचा पट्टा आणला, बाळंतपणानंतर बांधतात तो. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी? मुलगी, म्हटलं. केवढी आहे? तुझं पिल्लू तेव्हा नुकतंच झालं होतं, तिचं वय सांगून टाकलं. जड उचलू नका, स्वतःला जपा, असं तो दोनदा म्हणाला. मी घरी आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसून राहिले.

पट्टा इतका आवळायचे की खाली बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण माप बरोबर यायचं. मास्तर खूश असायचे.

मी तुझ्याकडे आले नाही ती या पट्ट्यापायी. तू मला दारातच मिठी मारणार आणि तुझ्या हाताला तो लागणार. ही एक भीती. दुसरी अशी की कुणीतरी पिल्लाला माझ्या मांडीवर ठेवेल आणि मला काहीच वाटणार नाही. हेवा वाटला असता तर मी आले असते, हेवा समजतो तरी. हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही. सकाळी उठून केस विंचरायचे म्हटलं तरी डोंगर चढायचा असल्यासारखं होतं. आणि तरी मी लोकांना हसवत असते, ते कसं जमतं मला ठाऊक नाही.

काजवालीने मागे लागून मला एका दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. आई बरोबर होतीच. या बाईंनी वजनाचा विषय शेवटी काढला. आधी म्हणाल्या, "मन कसं असतं?" मला वाटलं, चुकून विचारलं. मग त्यांनी सांगितलं की या आजारात कितीतरी बायकांचं मन खचतं, उगाच धास्ती बसते, झोप उडते. तो आळस नाही की नखरे नाहीत, पाळीसारखंच तेही बघावं लागतं आणि त्यावरही उपचार असतात. इतकं साधं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. आईचा चेहरा कसा झाला ते मला बाजूने दिसलं. मी हसले आणि म्हटलं, छे हो, घरात सगळ्यांना हसवणारी मीच आहे. आईचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या वेळी एकट्या या, नाहीतर तुमच्या पसंतीचं माणूस घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

पट्टा बांधत होते तर तो एक नमुना ढगळ कसा झाला, हे तू विचारणारच. त्या दिवशी विसरले, दुसरं काय. सकाळची घाई.

पिल्लू झोपलं की तूही झोपत जा.

ठकू


१ जुलै

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच म्हणायची, दोन ओळींना पत्र कोण म्हणेल. "इतके महिने रोज बांधत होतीस ती गोष्ट नेमकी त्या दिवशी विसरलीस? मला खोटं सांगू नकोस." ना नमस्कार, ना चमत्कार. लहानपणी काही फुटलं की तू माझं बखोट धरून अशीच उभी राहायचीस.

विसरले नव्हते.

हे वाक्य लिहून मी उठले होते. भांडी घासून आले. आई बाजूच्या खोलीत आहे, मला लिहिताना बघून खूश आहे, तिला वाटतं आपल्या दोघींचं जुळतंय.

त्या सकाळी मी कामाला निघालेच नव्हते. परत यायचं नाही असं ठरवून निघाले होते. कुठे आणि कसं ते लिहीत नाही, तुझ्या डोळ्यांसमोर ते कायमचं आणून ठेवायचं नाही मला. ठरल्यावर फार हलकं वाटत होतं, हे मात्र सांगते, कारण आता मला सगळ्यात जास्त भीती त्या हलकं वाटण्याची वाटते. आई आंघोळीला गेली होती. मी कप विसळला, ओटा पुसला, चिमटा त्याच्या जागी ठेवला. पट्टा खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. उचलला आणि परत ठेवला. मी निघाले होते तिथे पोट आत धरायची गरज नव्हती.

वाटेत कारखाना लागतो. मास्तर दारातच उभे होते, हातावर नवा नमुना टाकून. "ए मीडियम, किती उशीर? चल आत, तुझ्यासाठी खोळंबलोय."

मी गेले, ताई. आयुष्य सुंदर आहे वगैरे काही मनात आलं नाही. मोठं माणूस हाक मारतंय, त्यांना नाही कसं म्हणायचं, एवढंच आलं. मरायला निघालेली मी, मास्तरांना वाईट वाटेल म्हणून आत गेले. आता यावर तूच सांग, हसावं की रडावं.

कोट चढवला तर तो कमरेला मिटेना. माझं अंग बदललं असेल हे मास्तरांच्या मनातही आलं नाही. शिवणारीने घट्ट शिवलाय, असं पुटपुटत त्यांनी बाजूची शिवण उसवली, टाचण्या ओठांत धरल्या आणि माझ्याभोवती फिरायला लागले. मी हात पसरून आरशासमोर उभी. त्यात मी मला दिसले, बिनपट्ट्याची, सगळीच्या सगळी. आणि रडू फुटलं. हुंदका आवरेना, खांदे हलायला लागले.

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या हातात घेतल्या. "टोचली का गं, पोरी?"

मी म्हटलं, "हो."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. उभ्या आयुष्यात एकाही माणसाला टाचणी लागू दिली नाही, हे सांगत फिरणारा माणूस तो. त्यांनी सगळ्या टाचण्या काढून टाकल्या, मला स्टुलावर बसवलं, पाणी आणून दिलं. मग पुन्हा टोचायला नको म्हणून टाचण्यांशिवायच, खडूने, कंबर चांगली सैल धरून खूण केली. मला धक्का लागू नये म्हणून कापडही अंगाशी आणलं नाही. तेच माप फर्म्यावर उतरलं, त्यावरूनच सगळी ऑर्डर कापली गेली. मी कामावर थांबले. संध्याकाळी घरी आले. आई म्हणाली, आज चिमटा वापरलेला दिसत नाही.

मालकीणबाई मास्तरांना म्हणाल्या की तुमचे हात थकले, आता घरी बसा. मास्तरांनी टाचणीचं कुणालाही सांगितलं नाही. मला त्यात ओढायचं नव्हतं त्यांना. टेप लावली त्या दिवशी आकडा बघूनही ते एवढंच म्हणाले की चूक माझी आहे, मी वेळेवर मोजायला हवं होतं. आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून काजवालीच्या विनोदाला हसत होते. त्यांच्या बाजूने बोलायचं तर मला सगळंच बोलावं लागलं असतं.

ते कोट आता आम्ही दुरुस्त करतोय. मी कमरेच्या शिवणी उसवते, बाकीच्या जणी त्या पुन्हा घट्ट शिवतात. ढीग संपता संपत नाही. एकेक कोट पुढ्यात येतो आणि मला ती सकाळ आठवते, दिवसभर, पुन्हा पुन्हा. शेजारच्या बायका नेहमीच्या गप्पा मारत असतात.

सुटलीस एकदाची, असं तू म्हणशील म्हणून आधीच सांगते, सुटलेले नाही. तो विचार गेलेला नाही. रोज येत नाही, पण येतो तेव्हा ओळखीच्या माणसासारखा सरळ आत येऊन बसतो. त्या सकाळी मास्तर दारात होते. ते दर वेळी दारात असणार नाहीत, आणि आता तर त्यांना नमुन्यासाठी माझी गरजही उरलेली नाही. काजवालीला मी थोडंसं सांगितलंय. तिला त्या विनोदाचं फार लागलं. ती रोज मला घरापर्यंत सोडते आणि वाटभर इतकी बडबडते की मला विचार करायला उसंत मिळत नाही. पण तिलाही तिचं घर आहे.

डॉक्टरीणबाईंकडे येत्या गुरुवारी जायचंय. आई बरोबर असली तर मी पुन्हा हसणार. एकटी गेले तर दारावरून मागे फिरणार, माझा मला भरवसा नाही. तू ये. पिल्लाला घेऊन ये, भावोजींना काय सांगायचं ते सांग, आईशी भांडण झालं तर होऊ दे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला आणि मी काही विनोद करायला लागले, तर मला गप्प कर आणि खरं काय ते तू सांग. माझ्या तोंडून ते निघणार नाही. लिहिताना निघालं, तेवढंच.

हे पत्र काजवालीच्या हातात देतेय. मी टाकायला गेले तर वाटेत फाडून टाकीन.

गुरुवारपर्यंत मी इथे असेन. एवढाच शब्द मला देता येतोय, तो देते. त्यापुढचा आत्ता मागू नकोस, येऊन माग.

वाट बघतेय,
ठकू